शामकला आणि साहेबाचा शब्द

चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या बांध्यांत धानाचा रोवणा लागला की शामकलेचं गाणं आधी उठे. तिनं एक ओळ सोडायची अन् बाकीच्या बायांनी वाकल्या वाकल्या ती उचलायची. नवरा टिकाराम अबोल. पण तिचा आवाज आला की तोही बैल थांबवायचा.

त्या साली तलाव तपासायला आलेला गोरा साहेब बांधाच्या पाळीवर घोडा थांबवून गाणं संपेपर्यंत ऐकत राहिला. मग हसून काहीतरी बोलला आणि निघून गेला.

"काय म्हणे जी साहेब?" शेजारी रोवणाऱ्या देवकाबाईनं साहेबामागं राहिलेल्या कवडू चपराशाला विचारलं.

कवडूची इंग्रजी बंगल्यावर ऐकून ऐकून आलेली. "म्हणे, मी बिविच्ड झालो. विच म्हंजे चेटकीण. या बाईनं मायावर चेटूक केलं, म्हणे."

बाया खो खो हसल्या. शामकलाही हसली.

आठवडा उलटला नाही तोच साहेब तापानं फणफणला. मग दुधराम पाटलाचा नातू तशाच तापानं गेला. ताप दर पावसाळ्यात यायचा. पण या खेपेला त्याला नाव सापडलं होतं.

तोंडावर कुणी बोललं नाही. शामकला विहिरीवर गेली की बाया अर्धी घागर उचलून निघायच्या. कामाला बोलावणं बंद झालं. एकटी देवकाबाई तेवढी दाराशी येऊन बसायची.

शेवटी शामकला शाळेतल्या ईश्वरदास मास्तरांकडे गेली. "त्या शब्दाचा खरा अर्थ सांगा जी गावाले."

मास्तर भला माणूस. चावडीवर उभं राहून म्हणाले, "अरे, हा कौतुकाचा शब्द आहे. साहेब म्हणाला, बाईच्या आवाजानं मला मोहिनी घातली."

माणसं दुधराम पाटलाकडं बघू लागली.

"मोहनी घातली," दुधराम सावकाश म्हणाला. "मग कवडू काय खोटं बोलला?"

"तसं नाही हो. भुरळ पडली, भारून गेला..." मास्तर जो शब्द काढत तो मांत्रिकाच्याच झोळीतला निघे. शामकलेला उमगलं. साहेबाच्या भाषेत तेच, आपल्याही भाषेत तेच.

घरी आल्यावर टिकारामनं एवढंच विचारलं, "सौंदडले तुया भाऊ ठेवून घेईल का?" सकाळी सगळ्यांदेखत त्यानं गाडी जुंपली. कुणी अडवलं नाही, कुणी निरोपही दिला नाही.

सौंदडला दोघांना धान कांडायचं काम मिळालं. दिवाळीच्या सुमारास बाजारात गावचा एक माणूस भेटला. ताप थांबला नव्हता.

"आता देवकाबाईच्या हातचं पाणी कोणी पिऊन नाही राहिलं," तो इकडंतिकडं बघत म्हणाला. "तूच तिले शिकवून गेली, म्हणते गाव."

शामकलेनं टोपली तिथंच टाकली आणि भावाला गाडी घेऊन धाडलं.

गाडी दुसऱ्या दिवशी परतली. देवकाबाई डोक्यावरून घट्ट पदर ओढून बसली होती. शामकलेनं तो हळूच सरकवला. केस कसेतरी कापलेले, कानामागं रक्त सुकलेलं.

"उशीर झाला का वो मले?"

"जित्ती आहो," देवकाबाई म्हणाली. "पण मास्तरानं मधात पडून बघितलं. 'मोहनीचे सारे शब्द यालेच येते,' म्हणत लोकायनं त्यायलेही झोडपलं, ते काही समजलं नाही."