बायकोचा तंबोरा, माझा गळा

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी शिकावं, असं सगळे सांगतात. मी गाणं निवडलं. घरात तंबोरा होताच. बायको रोज सकाळी तो घेऊन बसायची. ती जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून तो गवसणीत कपाटाशेजारी उभा होता, आणि घरात मी सोडून आवाज करणारं काही असेल तर फ्रीज.

तंबोऱ्यांविषयी माझं मत जरा कलुषित होतं. गावातल्याच एका सोहळ्यात गायकाच्या मागे पुरुषभर उंचीचे दोन तंबोरे उभे केले होते. आवाज मात्र सतरंजीवर ठेवलेल्या डब्याएवढ्या यंत्रातून येत होता. मोठा तंबोरा म्हणजे मोठ्या फेट्यासारखाच दिखावा, असं मी ठरवून टाकलं.

त्यामुळे तिचा तंबोरा लहान आहे, याचं मला काही वाटलं नाही. तो काळी चारमध्ये, म्हणजे बायकांच्या उंच पट्टीत लागलेला. माझा गळा बराच खालचा, काळी एकचा. मी खुंट्या पिळून तारा उतरवल्या. त्या इतक्या सैल पडल्या, की सुराऐवजी नुसती फडफड. मोबाईलवरचा तंबोरा लावून पाहिला, तर त्या बारीक भोकातून खर्ज येईचना. शेवटी तंबोरा घेऊन गुलमंडीच्या बाजारामागे वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मामांकडे गेलो.

"सर, हे काय केलं? झोपवल्या की तारा!"

"माझ्या पट्टीत आणत होतो, मामा."

"शेळीच्या तोंडातून म्हशीचा आवाज काढता व्हय? बाईमाणसाचा तंबोरा हाय हा. भोपळा लहान, दांडी आखूड."

"मग जाड तारा घाला."

"घालतो. भोपळ्यावरची लाकडी तबली खचली, की माझ्या नावानं बोंबलू नका."

मग त्यांनी एक मोठा तंबोरा माझ्या पुढ्यात ठेवला. "हा तुमच्या मापाचा. तुमचा ठेवा, हा न्या."

मी खर्जाची तार छेडली. आवाज मांडीतून पोटात शिरला. मी सा लावला आणि तो आयुष्यात पहिल्यांदा नीट बसला. एवढं मोठं धूड, पण त्यात दिखावा अजिबात नव्हता. तिचा तंबोरा इथं ठेवला, तर एखाद्या मुलीच्या घरी जाईल, रोज वाजेल. तरी मी म्हणालो, "बायकोचाच परत तिच्या पट्टीत लावून द्या."

"मग तुम्ही गाणार काय?"

"बघू."

"याचा सा म्हणजे तुमचा पंचम. तेवढाच लावत बसा," मामा हसून म्हणाले.

आता सकाळी तेच करतो. सबंध सप्तकात आम्हा दोघांचा जमणारा तो एकच स्वर. तोही फार वेळ टिकत नाही. माझा श्वास संपतो, तारा चालू राहतात. मग बोटं दुखायला लागतात.