पेवात उतरायचं कुणी

सर्व संबंधितांस, म्हणजे मादन हिप्परग्यात मागे राहिलेल्यांस आणि माझ्यासारख्या तिथून सटकलेल्यांस, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, ज्वारीच्या दाण्याहून लहान अशी एक वस्तू बनवण्याच्या कामी आपल्या गावाने एक धडधाकट माणूस कायमचा गमावला आहे. तो माणूस मी. श्रद्धांजलीची घाई नको. मी अमेरिकेत जेवूनखाऊन सुखरूप आहे.

निघालो तो आळंदच्या बसस्टँडवरून. अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, माझी ट्रंक टपावर चढवली. शाळेत गेलो तेव्हा आमच्या राज्याचं नाव म्हैसूर होतं, मग कर्नाटक झालं, आणि आता मी देशच बदलायला निघालो होतो; त्या तोऱ्यात खिडकीशी बसलो होतो. बस हलली तेव्हा आईला रडू आलं नाही, शंका आली.

"आता पेवात कोन उतरंल रं?"

"मी हाय की," अण्णा म्हणाला.

पेव म्हणजे जमिनीत खणलेली ज्वारीची कोठी. आकार घागरीचा: पोट मोठं, तोंड अरुंद. आमचे कन्नड शेजारी त्याला हगेवु म्हणतात. पेव फोडलं की आत कोंडलेली हवा माणसाला मारू शकते, म्हणून आधी दोराने कंदील सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. आणि उतरायचं ते घरातल्या सगळ्यांत सडपातळ माणसाने. आमच्याकडे तो मी होतो. अण्णा खांद्यांनी रुंद. त्या तोंडातून जाताना त्याचे खांदे सोलून निघतील हे मला ठाऊक होतं. तरी मी खिडकीतून झकास हात हलवत राहिलो.

तिकडे माझी रवानगी क्लीनरूममध्ये झाली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर फडकं. धुळीचा एक कण सिलिकॉनच्या चकतीवर पडला तर आठवड्याचं काम मातीत. आणि काम काय, तर क्षाराच्या द्रावणात त्या चकतीवर केसाहून बारीक खड्डे कोरायचे! आळंद तालुका सोडून मी सातासमुद्रापार खड्डेच खणायला आलो होतो. प्रोफेसरांनी विषय दिला होता मोटारीच्या इंजिनातला दाब मोजण्याचा. सोपा, लवकर पीएचडी देणारा.

मग एकदा आळंदच्या पोस्टातून ट्रंककॉल लावून आई ओरडली, "अण्णा पेवात पडला हुता! वर काढला. तू जेवतोस न्हवं?"

दोर आखूड पडला होता. कंदील मध्यावर सुखाने जळत राहिला आणि तळाची हवा कुणी पाहिलीच नाही. अण्णाला बेशुद्ध वर काढलं होतं.

लोक देवाला नवस बोलतात. मी प्रोफेसरांकडे विषय बदलून मागितला: ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर, लांब तारेच्या टोकाला टांगता येईल असा. ते म्हणाले, हा कुणाच्या उपयोगाचा? मी म्हटलं, हॉस्पिटलच्या. अण्णाच्या खांद्यांची गोष्ट मला इंग्रजीत सांगता आली नाही.

थिसिस झाल्यावर उन्हाळ्यात गावी गेलो. पेव फोडायचं होतं. अर्धी गल्ली जमली. मी बाजेवर उभं राहून भाषण ठोकलं, आणि तारेचं टोक आईच्या तळहातावर ठेवलं. तिने ते डोळ्यांपाशी नेलं.

"येवढुशासाठी येवढी वरसं लागली व्हय? आन् अण्णाच्या पोराचं जावळ बघाय येळ न्हवता तुला."

मी हसलो. तार तळापर्यंत सोडली. तारेच्या वरच्या टोकाला जोडलेल्या डब्यावरचा काटा हलला, स्थिरावला. हवा चांगली होती. आईच्या समाधानासाठी लांब दोराने कंदीलही तळाशी सोडला. तोही जळत राहिला. दोन्ही साक्षीदारांचं एकमत झालं. मी टाळ्यांची वाट बघत उभा राहिलो.

"डाकटरसाब," शेजारचा महादू म्हणाला, "तुमचं यंत्र खाली गेलं ते झ्याक झालं. आता ते पोती भरून दील का?"

गल्ली हसली. सगळ्यांत मोठ्याने मीच. मग वळलो तर अण्णाने सदरा काढून कमरेला दोर बांधलाही होता. त्याच्या दोन्ही खांद्यांवर काळे, कडक घट्टे होते. जू ओढणाऱ्या बैलाच्या मानेवर असतात तसे. एवढी वर्षं मी फक्त त्याच्या श्वासाचा विचार केला होता. त्याच्याऐवजी कुणीतरी उतरायला हवं, हे माझ्या यंत्रात कुठेच नव्हतं.

मी त्याच्या कमरेचा दोर सोडला आणि माझ्या कमरेला बांधला. "आज मी."

पाय आत गेले, मांड्या गेल्या, आणि तिकडे चीज खाऊन कमावलेलं पोट पेवाच्या तोंडात गच्च बसलं. अजूनही कुणी मला 'घर कुठलं तुमचं' असं विचारलं की मला ती अवस्था आठवते: पाय घरच्या अंधारात लोंबकळताहेत आणि उरलेला मी बाहेर, उन्हात. पोरं खिदळत होती, आईने तोंडाला पदर लावला होता. मी ओरडत होतो, "ढकला! खांदे धरून ढकला मला!" नाटक नव्हतं ते. मला खरंच आत जायचं होतं.

अण्णा तेवढा हसत नव्हता. दोर धरणाऱ्यांवर तो एकदम खेकसला:

"अरं, वढा त्याला वर! पाव्हण्याला कामून उतरवायलात पेवात?"