विमलकाकूंच्या नावाचा कम्प्युटर

घरी कम्प्युटर जोडला की शेवटी दोन-चार स्क्रू उरतातच. सगळे पार्ट बसलेले असतात, मशीन चालू झालेली असते, आणि तरी टेबलावर ते स्क्रू पडलेले असतात. कुठले, ते कुणालाच सांगता येत नाही. फेकवतही नाहीत. आम्ही ते एका चहापत्तीच्या डब्यात टाकायचो. आमचे किस्सेही असेच साठले. ज्या कामासाठी ते घडले ते काम बंद पडलं, डबा तेवढा भरलेला राहिला.

आम्ही म्हणजे मी, निखिल आणि योगिता. रायपूरला रेल्वे लाइनीच्या अलीकडे आमचा पारा, म्हणजे मोहल्ला. बहुतेक घरं आजोबांच्या काळात विदर्भातून येऊन रेल्वेत लागलेल्यांची. पाऱ्यात बुद्धविहार आणि विहारामागे एक खोली, पंगतीची भांडी आणि सतरंज्या ठेवायची. मी इंजिनिअरिंग करून नोकरी शोधत होते, निखिल नवा रायपूरच्या एका ऑफिसात कम्प्युटर दुरुस्त करतो. आणि योगिता रेल्वेच्या परीक्षेची तयारी करत होती. परीक्षा कम्प्युटरवर, आणि योगिताने आयुष्यात माउस धरलेला नव्हता. वयाच्या हिशेबाने ही तिची शेवटची परीक्षा.

पाऱ्यातल्या पोरांना कम्प्युटर शिकवायला ती खोली द्या, असं मी विहार कमिटीपुढे भाषण ठोकलं. कमिटीने खोली दिली, पण अट घालून. दसऱ्याच्या आधी योगिताचा एक पूर्ण सराव पेपर कमिटीसमोर पार पडला तर खोली आमची. नाही तर भांडी परत आत.

मला वाटलं, ही काय अट झाली!

*

पहिला मॉनिटर रामटेके काकांनी दिला. रामटेके काका म्हणजे विहार कमिटीचे सचिव, रिटायर्ड गार्ड. आमच्याकडे दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव पाहिजेच. पंख्याच्या पात्यावर, वरणाच्या गंजावर, सतरंजीच्या कोपऱ्यावर, सगळीकडे नावं. काकांनी वॅगनवर नंबर रंगवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला बोलावलं आणि मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर ऑइल पेंटने नाव घालून घेतलं.

पट्टी बारीक, नाव मोठं. दुसरी ओळ काचेवर आली. 'सेवानिवृत्त गार्ड, यांजकडून सप्रेम भेट'. त्यातला 'सेवानिवृत्त' बरोबर स्टार्ट बटणावर!

"काका, बटण झाकलं गेलं ना!"

"काहून? त्याच्या खालीच आहे ना ते? कुठं पळून गेलं का?"

रंग खरवडायची परवानगी मिळाली नाही. खोलीत माउस शिकायला येणारी पोरं स्टार्ट बटणालाच 'सेवानिवृत्त' म्हणायला लागली. "दीदी, सेवानिवृत्त दबाऊं क्या?"

*

मग रॅम. निखिलने ऑफिसातून टाकून दिलेली एक पट्टी आणली आणि आमच्या जुन्या बोर्डात ती बसेना. रॅमच्या पट्टीला खाली एक खाच असते, बोर्डावरच्या फटीत एक उंचवटा असतो. दोन्ही एका जागी आले तरच पट्टी आत जाते. आमची पट्टी नव्या पिढीची, बोर्ड जुन्या पिढीचा.

"छोट्या लाइनीचा डब्बा मोठ्या लाइनीवर चढवून राहिले तुम्ही," रामटेके काका म्हणाले आणि सतरंजीवर आडवे झाले.

तिथे खोब्रागडे काका बसले होते. लोको शेडमधले रिटायर्ड फिटर. कमी बोलणारा माणूस. बायको वारल्यापासून संध्याकाळी विहारात येऊन बसायचे, आम्ही आल्यापासून खोलीत बसायला लागले. मी आणि निखिल चहा आणायला गेलो. परत आलो तर पट्टी बोर्डात बसलेली!

"काका, कसं काय?"

काकांनी खिशातून बारीक कानस काढून दाखवली. "खाच चुकीच्या जागी होती. नवी पाडली. आमच्या शेडमध्ये न बसणारी वस्तूच नव्हती, पोरी."

मी "नका!" म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलं. जळका वास आला. बोर्ड गेला, पट्टी गेली. निखिल डोकं धरून बसला. "अंकल, ये आपने क्या कर दिया!"

काकांनी त्या काळ्या डागावर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "पण बसली तर होती."

*

दुसऱ्या दिवशी खोब्रागडे काका म्हणाले, नवीन कम्प्युटर मी देतो. विमलच्या नावाने.

विमलकाकू म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षं अंथरुणाला होती, मग गेली. आपण नको म्हणायला हवं का, हा विचारच मी केला नाही. इकडून तिकडून जमवलेल्या बाकीच्या जुन्या मशीनींवर टायपिंग व्हायचं, माउस शिकवता यायचा, पण परीक्षेचा पूर्ण पेपर चालायचा नाही. योगितासाठी एक तरी धड मशीन हवीच होती.

मी काकांना घेऊन दुकानात गेले. कुठला प्रोसेसर कुठल्या बोर्डावर चालतो, त्या बोर्डावर कुठली रॅम, सगळ्यांना मिळून किती पॉवर लागेल, हे मी मोबाइलवर जुळवत होते. काका माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावले.

"आपल्यात लग्नाले पत्रिका पाहत नाही," ते म्हणाले, "आन तू ह्या डब्ब्याची पाहून राहिली!"

"नाही जुळलं तर चालणार नाही, काका."

"आमची कुठं पाहिली होती कोणी. चाललं ना."

पॉवर सप्लाय घेताना त्यांनी दोन्ही हातांत एकेक डबा धरून वजन पाहिलं. दुकानदार वैतागला. "दादाजी, लोहा थोड़े ही बेच रहे हैं!"

"कमजोर मत देना भैया," काका म्हणाले. "मिसेस के नाम का है."

दुकानदाराने हातातला डबा खाली ठेवला आणि आतून दुसरा आणला.

*

पाटी काकांनी गोल बाजारातून करून आणली. जिथे लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून देतात तिथून. पितळेची, तळहाताहून मोठी. 'कालकथित विमलबाई खोब्रागडे यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ'. चहापत्तीच्या डब्यातले चार स्क्रू घेऊन काकांनी ती स्वतः कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बसवली. कॅबिनेटसमोर मेणबत्ती लागली, वंदना झाली, खीर वाटली. योगिता मशीनसमोर बसली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पेपर अर्धा झाला आणि मशीन बंद पडली.

मग ती रोज बंद पडायला लागली. अर्धा पेपर झाला की खटकन अंधार. निखिल म्हणाला, व्होल्टेज. रामटेके काका म्हणाले, अर्थिंग. मी रॅम काढून पुसली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, पॉवर सप्लाय दुकानात नेऊन तपासून आणला. काही फरक नाही. सरावाची ती फुकटची वेबसाइट असली हट्टी, की प्रत्येक वेळी पहिल्या प्रश्नापासून सुरू.

"दीदी, मले पहिल्या पन्नास प्रश्नांचे उत्तरं पाठ झाले," योगिता म्हणाली. "एक्कावन्नावा कसा असते ते मी पाहिलंच नाही."

मी हसले. ती हसली नाही.

*

शेवटी मी मशीनच्या बाजूचं झाकण काढून ठेवलं, आणि मशीन चालली! झाकण लावलं, मेली. काढलं, चालली. मी आनंदाने जाहीर केलं की आजपासून ही अशीच उघडी राहणार.

दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी पाल आत गेली. पंख्याने तिचं शेपूट तोडलं, आणि ते तुटलेलं शेपूट बोर्डावर नाचत असताना खोलीतल्या सगळ्या पोट्ट्यांनी पळ काढला. एकाने तर बाहेर जाऊन सांगितलं की कम्प्युटरमधून साप निघाला!

रामटेके काकांनी तिथल्या तिथे हुकूम काढला. "मशीन उघडी ठेवायची नाही. पोरायले करंट लागला तर कमिटी जिम्मेदार का?"

झाकण परत लागलं, मशीन परत मेली. योगिता ती चालू व्हायची वाट पाहत बसली होती. कंटाळून तिने हात कॅबिनेटवर ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"दीदी, काकूचं नाव तापून राहिलं."

मी हात लावून पाहिला. पितळ तापलेलं होतं. पाटीच्या मागे जाळी होती. त्याच जाळीतून बाहेरची थंड हवा आत जाते. पितळेच्या पाटीने ती सगळी झाकली होती, आणि मशीन जीव वाचवायला स्वतःच बंद होत होती. इतके दिवस आम्ही आत शोधत होतो!

*

आता खोब्रागडे काकांना सांगायचं कोणी?

निखिल म्हणाला, "मैं तो नहीं बोलूंगा." पाटी कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर लावावी म्हटलं तर रामटेके काका भडकले. "बाजू भिंतीकडे आहे. मेलेल्या बाईचं नाव भिंतीकडे तोंड करून ठेवता का?"

मला असल्या गोष्टींचा संताप येतो. एका मुलीची शेवटची परीक्षा, आणि आम्ही एका पाटीवर अडलेलो! मी सरळ खोब्रागडे काकांपुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. जाळी, हवा, गरमी. पाटी काढावी लागेल, म्हटलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"राशन कार्डावरून नाव काढलं," ते म्हणाले. "बँकेतून काढलं. गॅसच्या पुस्तकातून काढलं. प्रत्येक जागी मलेच सही कराले लावली. आता इथूनही काढ म्हणतं?"

माझ्याकडे मोठमोठे मुद्दे होते. पाटी तशीच राहिली.

*

दसऱ्याआधी कमिटी आली. सात माणसं खुर्च्या मांडून बसली, जशी काही रेल्वेची परीक्षा तेच घेणार होते. खोब्रागडे काका इस्त्रीचा शर्ट घालून मशीनशेजारी उभे. मी खोलीतले दोन्ही टेबलफॅन मशीनवर रोखले होते, पाटीच्या फटीतून थोडी तरी हवा आत जाईल म्हणून. माझ्या ओढणीच्या गाठीत स्क्रू ड्रायव्हर होता, वेळ आलीच तर पाटी काढायला.

योगिताने भराभर उत्तरं द्यायला सुरुवात केली. पन्नास तर पाठच होते! कमिटी खूश. "पोट्टी हुशार आहे हो!"

आणि स्क्रीन काळी झाली.

मी ओढणीची गाठ सोडली नाही. पंखे नुसतेच घुमत होते. मग काका मशीनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "थकली असन. उद्या बसवा."

"उद्या भांडे येऊन राहिले, खोब्रागडे," रामटेके काका म्हणाले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

आमच्याकडे रीत आहे, वस्तू वापरात नसली तर देणाऱ्याच्या घरी परत जाते. ज्याचं नाव, त्याच्या दारात. मॉनिटर रामटेक्यांकडे गेला. विमलकाकूंच्या नावाचा कम्प्युटर खोब्रागडे काकांनी सायकल रिक्षात मांडीवर धरून नेला. खोलीत वरणाचे गंज आले, सतरंज्या आल्या. मी दसऱ्याच्या जेवणाला गेले नाही.

निखिल म्हणाला, "छोड़ ना यार. इतना दिल पे मत ले." मी त्याच्याशी आठ दिवस बोलले नाही.

*

दिवाळीनंतर योगिताची आई भेटली. म्हणाली, "आमची पोट्टी रोज संध्याकाळी खोब्रागड्यांकडे जाते. तुले माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मी तशीच गेले.

काकांच्या पुढच्या खोलीत कम्प्युटर होता. योगिता पाठमोरी बसून पेपर सोडवत होती. खोलीत उदबत्तीचा वास. भिंतीला लागून लोखंडी पलंग, काकू ज्याच्यावर होती तो, चादर घातलेला. काका त्याच्या कडेला बसले होते. त्यांनी मला मानेनेच बसायला सांगितलं.

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला चार भोकं दिसली. जाळी मोकळी होती. त्याच दिवशी काढलेली पाटी काकांच्या मांडीवर होती आणि चार स्क्रू त्यांच्या मुठीत.

मी काही विचारणार होते. काकांनी बोट ओठावर ठेवलं.

अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नासावा प्रश्न आला तेव्हा योगिताचा हात माउसवर थांबला. आम्ही तिघं मशीनच्या पंख्याचा बारीक आवाज ऐकत होतो. तिने क्लिक केलं.

"एक्कावन्न," ती मोठ्याने म्हणाली. मागे वळून मला पाहिलं आणि तिला रडू आलं. "दीदी, एक्कावन्न आला!"

मशीन चालूच होती. बावन्न. त्रेपन्न. योगिता डोळे पुसत पुढे जात राहिली. मी काकांकडे पाहिलं. ते स्क्रीनकडे बघत नव्हते. बाहीने पाटी पुसत होते, पुन्हा पुन्हा, एकाच जागी.

"शेवटी शेवटी विमललेही इतका वेळ बसवत नव्हतं," ते म्हणाले.

मग पाटी काखेत धरून उठले आणि अंगणात जाऊन बसले.