टाक्यातले तपस्वी

माझ्या सासऱ्यांनी सुरतेहून काचेचं टाकं आणलं तेव्हा माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. नंदुरबारपर्यंत आगगाडी आणि तिथून शहाद्याकडे बैलगाडी. वाटेत टाक्याला चाऱ्याच्या गंजीत बसवलं होतं. लग्नानंतर मला आणलं तेव्हा गाडीत चारा नव्हता, म्हणून हे लक्षात राहिलं.

टाकं ओसरीत देवघराशेजारी ठेवलं. नदीवरच्या भोईणबाईनं मडक्यातून मासे आणून दिले: वर पळणारे आठ-दहा चंदेरी, आणि तळाशी पडून राहणारे चार मिशीवाले. घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. कांदासुद्धा चातुर्मासात घराबाहेर. मग माशांनी काय वेगळं खायचं? रोज पूजा आटोपली की सासरे ज्वारीच्या लाह्यांचा चुरा पाण्यावर भुरभुरवत. एकादशीला राजगिऱ्याच्या लाह्या. म्हणजे आमचे मासे उपास पाळत, आणि गावभर त्याचं कौतुक होतं. निर्जळी तेवढी त्यांना जागेच्या अडचणीमुळे जमत नव्हती.

लाह्या तरंगायच्या आणि चंदेरी त्यांचा फडशा पाडायचे. मिशीवाले तळाशी ढिम्म, एका लाहीला तोंड लावत नसत. सासरे आल्यागेल्याला बोट दाखवून सांगत, "हाऊ काहीच खास नही. तपस्वी शे." लोक हात जोडत. एकानं तर टाक्यासमोर नारळ ठेवला.

पंधरवड्यात पहिला तपस्वी गेला. सासऱ्यांनी त्याला केळीच्या बुंध्याशी पुरलं आणि समाधी घेतली म्हणून जाहीर केलं. आठवड्यानं दुसरा गेला, तेव्हा समाधीचा उत्साह जरा ओसरला. तिसरा गेला आणि सगळ्यांना एकदम आठवलं की टाक्याचं पाणी मी बदलते. सासरे माझ्याशी बोलत नसत. सुनेशी बोलायचं नाही अशी रीत होती, म्हणून ते ओसरीच्या खांबाशी बोलत आणि मी दाराआडून ऐकत असे. त्या दिवशी त्यांनी खांबाला सांगितलं, "तिना पायगुण बरा नही. चौथा मरना तं तिले माहेर धाडी देवानी."

मी घाबरले, हे कबूल करते. म्हसावदला माझा बाप दम्यानं खोकत होता, पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. वाईट पायगुणाची म्हणून परत आलेल्या मुलीच्या बहिणींना कोण विचारतो?

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी टाक्यासमोर जाऊन बसले. चौथ्याचं डोकं तेवढं मोठं दिसत होतं आणि पोट पाठीला लागलं होतं. असं पोट मी पाहिलं होतं. आमच्याकडे आधी पुरुष जेवत, मग मुलं, मग सासूबाई आणि मग मी. माझ्यापर्यंत येईतो पातेल्यात डाळीची चव उरायची, डाळ नाही. मलाही कुणी तपस्वी म्हटलं असतं, पण नारळ कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवशी धुणं धुताना मी भोईणबाईला विचारलं. ती इतकी हसली की तिच्या हातातलं जाळं पाण्यात पडलं. "बाई, हाऊ तळना मासा. वर येत नही. चिखलना किडा खास. तुम्ही तं उपाशी मारा त्याले."

किडा आणायचा कुठून? केळीत. ओल्या मातीत, अगदी समाध्यांपाशी, गुबगुबीत गांडुळं होती. मी पदराला हात पुसले, देवघराकडे पाठ केली, आधी चंदेऱ्यांना लाह्या घालून गप्प केलं आणि मग गांडूळ सोडलं. ते वळवळत तळाशी गेलं. तपस्व्याच्या मिशा हलल्या. तिघांच्या समाधीवर पोसलेलं ते गांडूळ त्यानं जराही संकोच न करता गिळलं.

महिन्याभरात तो असा गरगरीत झाला की सासरे म्हणू लागले, तप फळलं.

मग एकादशी आली. पुराण सांगायला आलेले शास्त्रीबुवा टाक्यासमोर वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. तपस्व्याच्या तोंडातून अर्धं गांडूळ लोंबत होतं. शास्त्रीबुवा उपरणं सावरत निघून गेले. सासरे खांबाकडे वळले. "हाऊ किडा कोनी टाका?"

खांब गप्प राहिला. मीच दाराबाहेर आले आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "मी टाका. वरलाच समदं खाई लेतस. खाले काही पोचस नही."

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पुन्हा खांबालाच हुकूम केला, "आजच धाडी देवानी तिले."

सासूबाई आतून आल्या. त्यांनी टाक्यात बराच वेळ पाहिलं, चौथ्याच्या पोटाकडे, मग माझ्याकडे. "तुम्ही म्हनात, चौथा मरना तं," त्या नवऱ्याला शांतपणे म्हणाल्या. "हाऊ तं जित्ता शे."

सासरे शेतावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी द्वादशीचा स्वयंपाक झाला. पुरुषांची पानं मांडायच्या आधी सासूबाईंनी एका पातेलीत डाळ काढली, घट्ट, तळापासून ढवळून, आणि चुलीमागे झाकून ठेवली. मी विचारलं, ही कुणाला?

"खालनास्ले," त्या म्हणाल्या, खालच्यांना, आणि दोन ताटं घासून ठेवायला सांगितली.