पासपोर्ट आणणारा माणूस

शारजातल्या एका बास्केटबॉल क्लबच्या ऑफिसात मी कारकून आहे. व्हिसा, तिकिटं, जर्सीची छपाई, सगळं माझ्याकडे. माझी उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे खेळाडूंशी माझं बोलणं बहुतेक मान वर करूनच होतं.

आमच्या संघात परदेशी खेळाडू एकच. गेल्या मोसमात आला तो अमेरिकन. कॉलेजात म्हणे पोरं त्याच्या नावाच्या घोषणा द्यायची. मग दोन देशांतल्या लीग खेळून तो आमच्याकडे उतरला. मी त्याला अजमानला घरी जेवायला नेलं, तेव्हा दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागली. माझी मुलगी किंचाळली, "बाबा, ही इज ह्यूज!" बायको म्हणाली, "अहो, चार थालीपिठं पुरतील का हो ह्याला?" सात लागली. तेव्हापासून दर मंगळवारी तो यायचा, बायकोला 'काकू' म्हणायचा आणि पोट भरलं की हात वर करून ओरडायचा, "काकू, खलास!"

त्याची आई शुक्रवारच्या मॅचला येणार होती. कॉलेजनंतर तिने त्याला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. तिच्यासाठी मी पहिल्या रांगेतली खुर्चीही राखून ठेवली.

त्या सोमवारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. "हबीबी, त्याचा पासपोर्ट घेऊन ये. रिन्यूअल आहे. तू मागितलास तर लगेच देईल." मी फुशारलो. इथे ऑफिसच्या माणसाने पासपोर्ट मागितला की कुणी कारण विचारत नाही. त्यानेही विचारलं नाही. फक्त माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पासपोर्ट माझ्या हातात ठेवला. मंगळवारी नेहमीसारखा जेवायलाही आला.

बुधवारी जर्सी छापणाऱ्याचा फोन आला. "सर, त्या अमेरिकनच्या जर्सीवर नंबर तोच ठेवायचा ना? नाव नवीन आलंय, साइझपण लहान आहे."

मी तसाच मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसलो. आयुष्यात पहिल्यांदा, दार न वाजवता!

"दोन मॅच हरलो," तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "नवा माणूस काल उतरला. ह्याचा व्हिसा कॅन्सल."

"मग मला रिन्यूअल का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर तू आणला असतास पासपोर्ट?"

मी बाहेर पडलो आणि गाडी काढून थेट त्या पोराच्या फ्लॅटकडे निघालो.

गाडीत मी भाषण तयार केलं. आवाज कुठे कापरा करायचा, छातीवर हात कधी ठेवायचा, सगळं ठरवलं. त्याने दार उघडलं तर मागे बॅगा भरलेल्या. माझं भाषण पहिल्याच वाक्यात मेलं.

"अंकल, मागच्या दोन्ही देशांत असंच झालं," तो म्हणाला. "पासपोर्ट न्यायला ज्याच्या घरी मी जेवायचो, तोच आला."

"अरे, मला खरंच माहीत नव्हतं!"

"मला वाटलं, तुला माहीत असणार."

"असं वाटत होतं, तर मंगळवारी जेवायला कसा आलास?"

"काकूंना हो म्हटलं होतं ना."

मॅनेजरने मला फसवलं, हे मी भेटेल त्याला रंगवून सांगतो, मॅनेजरच्या चालण्याची नक्कलसुद्धा करतो. पण आमच्या ताटावर बसून, मला फितूर समजत हा मुलगा बायकोच्या हातची थालीपिठं हसत खात होता, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

"आईला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मी सांगेन. तू फक्त एअरपोर्टवर सोबत चल."

शुक्रवारी दुपारी ती आली. मुलाइतकीच ताठ, डोक्यावर त्याच्या कॉलेजची टोपी. त्याला मिठी मारून झाल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले. "तुम्हीच अंकल! तुम्ही याला जेवू घालता. आज मॅच किती वाजता आहे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली वाकून तिच्या बॅगेचं हँडल ओढत बसला होता. ते कधीच बाहेर आलं होतं.

"साडेसातला," मी म्हणालो.

मॅच साडेसातलाच होती.