पुसल्या गेलेल्या नोंदी

पुण्यात मी दहा वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण वर्गात जाताना कधी भीती वाटली नाही. सिंगापूरला आल्यावर ती रोज वाटायला लागली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही वुडलँड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो आणि जवळच्याच एका प्राथमिक शाळेत मला एका वर्षाच्या करारावर विज्ञान शिकवायचं काम मिळालं होतं. माझं इंग्रजी मुलांना कळायचं नाही, मुलांचं मला. वर्ष संपल्यावर करार वाढेल की नाही, हा विचार डोक्यातून जायचा नाही.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. एके दिवशी आमच्या विभागप्रमुख बाईंनी माझ्या टेबलावर एक खोकं ठेवलं. त्या पन्नाशीच्या, चिनी, बोलायला फटकळ. खोक्यात तळहातात मावतील असे वीस छोटे कॉम्प्युटर होते. पडद्यावर प्लास्टिकच्या काडीने लिहायचं. शाळेला ते एका प्रयोगासाठी मिळाले होते.

"पाचवीच्या मुलांना दे. तीन आठवडे घरी नेऊ देत, आजूबाजूला दिसेल ते टिपू देत. मग पासिर रिसच्या किनाऱ्यावर, खारफुटीत सहल. बाहेरून दोन जण बघायला येतील," त्या म्हणाल्या. "तू इंडियन, नवरा आयटीत. तुलाच जमेल."

मी "हो" म्हणून बसले.

त्यांनी एकदाच, भराभर सगळं दाखवलं. एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. बॅटरी पूर्ण उतरली की या यंत्रातलं सगळं पुसलं जातं, म्हणून दर शुक्रवारी ती मोठ्या कॉम्प्युटरला जोडून मुलांच्या नोंदी उतरवून घ्यायच्या.

पहिल्या शुक्रवारी मी पहिलं यंत्र जोडलं. पडद्यावर प्रश्न आला: कुठली प्रत ठेवायची, यंत्रातली की कॉम्प्युटरमधली? चुकीचं बटण दाबलं आणि सगळंच गेलं तर? मी वायर काढून टाकली. बाईंची खोली तीन दारं सोडून होती. गेले नाही. नवऱ्याला विचारता आलं असतं, पण "अगं, एवढंही येत नाही तुला?" हे ऐकायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या शुक्रवारीही तेच. मधल्या काळात बाईंनी जिन्यात विचारलं, "सगळं नीट चाललंय ना?" मी म्हटलं, "हो, हो."

त्या वर्गात एक मलय मुलगी होती. बोलताना फार अडखळायची, म्हणून बोलायचीच नाही. प्रश्न विचारला की उभी राहायची आणि नुसती जमिनीकडे बघायची. यंत्र हातात आल्यापासून मात्र ती लिहीत सुटली होती. तिच्या इमारतीत, मजल्यावरच्या पाइपामागे साळुंकीने घरटं केलं होतं. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ यायची आणि काही न बोलता पडदा पुढे करायची. आज तीन अंडी. आज आई उडाली नाही. आज एक पिल्लू बाहेर. मी वाचून मान हलवली की पळून जायची.

सहलीच्या आदल्या दुपारी मी मुलांची सगळी यंत्रं गोळा करून प्रयोगशाळेत चार्जिंगला लावली आणि घरी गेले. सकाळी बस दारात उभी होती, मुलं ओरडत होती. मी यंत्रं पिशवीत भरली आणि निघाले. एकही उघडून बघितलं नाही.

पासिर रिसला ओहोटी होती. लाकडी पुलाखालच्या चिखलात निवटे मासे उड्या मारत होते, मुलं वाकून वाकून लिहीत होती. पाहुणे दोघं आणि आमच्या बाई मागे उभ्या होत्या. दहा मिनिटांत एक मुलगा आला, तिथल्या लकबीत म्हणाला, "टीचर, डेड लाह." त्याचं यंत्र बंद पडलं होतं. मग दुसरा. मग तिघी एकदम. प्रयोगशाळेतल्या भिंतीवरचं बटण रात्रभर बंद असणार, हे तेव्हा लक्षात आलं. साफसफाई करणारी आन्टी रोज जाताना सगळी बटणं बंद करायची, आणि मी तिला काही सांगितलं नव्हतं, चिठ्ठीही लावली नव्हती.

पुलाच्या टोकाला ती मुलगी बसली होती. काळा पडदा पुन्हा पुन्हा काडीने टोचत होती. मी जवळ गेले तेव्हा तिने वर बघितलं आणि विचारलं, "ब... ब... बर्ड?"

मी खाली बसले. खोटं सांगावं, चार्ज केल्यावर परत येईल म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. "गेलं सगळं," मी म्हटलं. "चूक माझी. मी उतरवून ठेवायला हवं होतं."

ती रडली, आवाज न करता. मागून पाहुण्यांची कुजबुज ऐकू येत होती. विसांतलं एक यंत्र माझ्याकडे असायचं; ते मी घरी नेलं होतं, त्यात अजून थोडी बॅटरी होती. मी म्हटलं, "तू सांग. मी लिहिते."

तिने बाहीने डोळे पुसले. मग सुरू झाली. एकेका शब्दाशी झगडत, डोळे मिटून. अंडी निळसर होती. एक पिल्लू पडलं, ते परत दिसलं नाही. आई किडे आणायची तेव्हा आधी पाइपावर बसून इकडेतिकडे बघायची. मी लिहीत होते आणि कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह बघत होते. बाकीची मुलं हळूहळू भोवती जमली. कोणी हसलं नाही.

परतल्यावर बाईंनी खोलीत बोलावलं. "आन्टीने बटण बंद केलं म्हणे?" त्या म्हणाल्या. तिथेच विषय मिटला असता.

"बंद तिने केलं, पण सकाळी मी बघितलं नाही," मी म्हटलं. "आणि तीन आठवड्यांत एकदाही नोंदी उतरवल्या नाहीत. मला येत नव्हतं."

"मग विचारलं का नाहीस?"

त्यांनी खुर्ची ओढली, यंत्र जोडलं आणि मला शेजारी बसवून सावकाश, दोनदा करून दाखवलं. वर्षअखेर करार वाढला, पण फक्त सहा महिने.

सोमवारी ती मुलगी यंत्र मागायला आली. पिल्लं अजून घरट्यात होती. त्यानंतर रोज घरी जायच्या आधी ती माझ्या टेबलाशी थांबायची आणि अडखळत विचारायची, "टीचर, स... सेव्ह ऑलरेडी?"

केलेलं असायचं. तरीही तिच्यासमोर मी ते पुन्हा एकदा उघडून बघायचे.