चाकण ते लंडन, गुरुवार सोडून

गेल्या वर्षी गणेशोत्सवातल्या गुरुवारी, चिखलीत आमच्या मंडळाने देखाव्यात उभ्या केलेल्या, आवाजाहून वेगवान विमानाने पक्षाच्या नेत्यांसमोर नाक वर केले नाही. नेते आरती करून निघून गेले.

विमान पत्र्याचे होते. ते उडावे अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

चाकणला विमानतळ होणार, असे या पट्ट्यात इतकी वर्षे ऐकले गेले की त्या भरवशावर प्लॉट विकले गेले आणि लग्नेही ठरली. पुढे विमानतळाची जागा पुरंदरकडे सरकली. मंडळाच्या अध्यक्षांना महापालिकेची उमेदवारी हवी होती. विमानतळ परत आणण्याचे आश्वासन द्यायचे, तर मागे विमान दिसायला हवे, असे त्यांचे मत होते. उमेदवारी ठरवणारे नेते उत्सवात एकदाच येणार होते. म्हणून देखाव्याचा विषय ठरला, आवाजाहून वेगवान प्रवासी विमानांचा इतिहास. फलक आधीच रंगवून झाला होता, ‘चाकण ते लंडन, तीन तासांत’.

मी वर्तमानपत्रात काम केलेले, म्हणून स्पीकरवर वाजायचे निवेदन लिहिणे माझ्याकडे आले. घडले ते लिहिले. १९७६ मध्ये कॉन्कॉर्डने प्रवासी न्यायला सुरुवात केली. रशियन विमान त्याआधी आकाशात गेले होते, पण प्रवासी घेऊन ते काही महिनेच चालले. कॉन्कॉर्ड लंडनहून न्यूयॉर्कला साडेतीन तासांत पोचत असे. त्या वेगात जमिनीवर दणका ऐकू येई, म्हणून तो वेग बहुतेक समुद्रावरच. इंधन भरमसाट, तिकीट श्रीमंतांपुरते. २००० मध्ये पॅरिसजवळ अपघात झाला. २००३ मध्ये सेवा बंद झाली. त्यानंतर तिकीट काढून त्या वेगाने कोणी गेलेले नाही.

अध्यक्षांनी कागद उभ्यानेच वाचला.

"राव, शेवट काढा."

"शेवट खरा आहे."

"खरा असेल हो. पण बाप्पासमोर बंद पडलेलं कशाला सांगायचं? सुरू झालं, तिथंच थांबवा."

अपघात गेला, इंधन गेले, दणक्याबद्दलची तक्रार गेली. दणका राहिला, कारण तो स्पीकरवर वाजणार होता. कॉन्कॉर्ड उतरताना नाक खाली करी, कारण एरवी वैमानिकाला धावपट्टी दिसत नसे. हे वाक्य खोडून अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिले, ‘विमान बाप्पाला वाकून नमस्कार करते.’ चिखलीत हा इतिहास १९७६ मध्ये संपला आणि विमान चालू राहिले.

ते शेजारच्या वर्कशॉपमध्ये तयार झाले. मालक लातूरकडचे, एरवी गाड्यांचे सुटे भाग बनवतात. नाक वर उचलायला त्यांनी हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर बसवला आणि हवा आपल्याच कंप्रेसरवरून नळीने मंडपात आणली. हवा असली की नाक वर, सोडली की खाली. सुरुवातीचे दिवस सगळे सुरळीत चालले. थेरगावहूनही लोक बघायला आले.

नेत्यांना कोणती संध्याकाळ द्यायची, यावर बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "गुरुवार. सगळ्यांना सुट्टी. माणूस मंडपातून हलणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या, वर्कशॉपच्या मालकांनीही. आमच्याकडे सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, कारण त्या दिवशी वर्कशॉपच्या लाइनची वीज बंद ठेवतात. हे इथे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. बैठकीला सुट्टी आठवली, वीज आठवली नाही.

मंडपाचा मीटर घरगुती लाइनवर होता, त्यामुळे गुरुवारी दिवे लागले आणि स्पीकरही लागला. ऊन उतरताना नेते आले. विमान नाक जमिनीला टेकवून उभे होते. स्पीकर म्हणाला, "पाहा, नाक उंचावून हे विमान आता झेपावत आहे!" नाक तिथेच. मग दणका झाला आणि पुढच्या रांगेतले एक बाळ रडायला लागले.

नेत्यांनी विचारले, "काय अध्यक्ष, याला झोप लागलीय का?"

मागून कोणीतरी ओरडले, "साहेब, गुरुवार आहे! विमानाला पण सुट्टी!"

मंडप हसला. मूळ गावातले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, पण ऐकले सगळ्यांनी, "इमानतळ तर आला न्हाई. इमान आलं, त्ये बी नाक घासतंय."

अध्यक्षांनी वर्कशॉपच्या मालकांना गाठले. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बायकामुलांसह खुर्चीवर बसले होते.

"हवा कुठंय?"

"कंप्रेसर बंद हाय की. लाइट न्हाई."

"मग सांगायचं ना!"

"तुमीच म्हणलाव, सगळ्यांना सुट्टी."

निवेदन थांबवायचे कोणाला सुचले नाही. ते शेवटपर्यंत वाजले, दुसऱ्या दणक्यासह. आरतीनंतर अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि चाकणला विमानतळ आणल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही, असे सांगितले. नेत्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आधी हवा आणा, भाऊ."

माइक चालू होता.

वीज दिवेलागणीला आली. नाक वर गेले, तेव्हा मंडपात प्रसादाची पातेली आवरणाऱ्या बायका होत्या. एकीने वर पाहिले.

निवडणूक लागली तेव्हा आमच्या प्रभागाची उमेदवारी एका बिल्डरला मिळाली. तो चिखलीत नाही, लांब पिंपळे सौदागरला राहतो.